जिमखाना नावाची जागा

कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत आले, त्यामुळे 'जिमखाना' हा शब्द माझ्या नावाला कायमचा चिकटला. मुलींना माझं आडनाव सांगावं लागायचं, पण 'जिमखान्याच्या मॅडम' म्हटलं की शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना कळायचं. इंग्रजी कोशात हा शब्द खेळांच्या स्पर्धेसाठी म्हणून दिलेला सापडतो. आपल्याकडे तो खेळाच्या जागेसाठी आहे. या दोन अर्थांच्या मधल्या वाटेवर मला जे जे दिसत गेलं, ते इथे मांडते आहे.

१. शब्द परका आहे हे कुणी सांगेपर्यंत तो आपलाच असतो. जिमखान्यात, जिमखान्याचा, जिमखान्यावर... प्रत्यय लावताना जीभ कुठे अडखळत नाही. आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतून मुली यायच्या. सोडायला आलेले वडील दारातच चपला काढून विचारायचे, "जिमखाना हितंच का?" त्यांना त्यात इंग्रजी काही दिसायचं नाही, आणि दिसावं तरी कशाला? दवाखाना, छापखाना, कारखाना, तसा जिमखाना. फारसीतला हा 'खाना' म्हणजे घर, जागा. तो आपण शेकडो वर्षं वापरतो आहोत. मराठेशाहीतल्या कारखान्यांच्या यादीत तोफखाना, जामदारखान्याबरोबर तालीमखानाही भेटतो. म्हणजे व्यायामाच्या जागेला खाना म्हणायची सवय आपल्याला साहेब यायच्या आधीपासूनची आहे. 'जिम' मागाहून आलं, घर आधीच बांधलेलं होतं.

२. आपल्या तोंडातल्या शब्दाचा दुसऱ्या देशात दुसराच संसार असू शकतो, हे मी भाचीकडे इंग्लंडला गेले तेव्हा पाहिलं. तिच्या गावाबाहेर एका कुंपणाला पाटी लावलेली होती : शनिवारी गावचा जिमखाना. भाची म्हणाली, "मावशी, हे तर तुझंच खातं. चल, बघून येऊ."

एक मोठं कुरण. त्यात दोऱ्या बांधून आखलेला चौक, बसायला पेंढ्याच्या गाठी, कडेला घोडे आणणाऱ्या गाड्या. चौकात शाळकरी मुलं, त्यातही मुलीच जास्त, बुटक्या जाड तट्टांवर बसलेली. तिकडे त्यांना पोनी म्हणतात. खेळ आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभतील असे : चमच्यात अंडं घेऊन दौड, एका टोकाचं निशाण उचलून दुसऱ्या टोकाला खोचणं, एका खांबावरचा मग काढून दुसऱ्यावर पालथा घालणं. मला सगळ्यात आवडली ती खांबांमधून नागमोडी जायची शर्यत. एका रेषेत रोवलेले खांब, त्यांच्यामधून डावं-उजवं करत जायचं आणि तसंच परत यायचं. एका मुलीचं तट्टू मध्येच थांबून गवत खायला लागलं. तिने लगाम ओढला नाही, टाच मारली नाही. खाली वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, मानेवर हात फिरवला आणि ते चालायला लागलं. ती शेवटची आली. तिच्या आईने तिला उतरवून घेतलं आणि पहिल्यांदा तट्टाला पाणी पाजायला लावलं. पहिल्या आलेल्या मुलाच्या घोड्याच्या कपाळपट्ट्याला लाल फितीचं फूल लावलं, दुसऱ्याला निळं. मुलांना खेळवायची माझी सगळी नोकरी झाली आहे. प्राण्याला पहिलं पाणी, हा धडा मी तिथून घेऊन आले.

ब्रिटनमध्ये पोनी क्लब नावाची मुलांची संघटना १९२९ पासून आहे. १९५७ साली राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांच्या कल्पनेतून या खेळांची सांघिक स्पर्धा सुरू झाली. ज्यांना उमदं, महागडं जनावर परवडत नाही, अशा मुलांना साध्या तट्टावर बसून मोठ्या मैदानात उतरता यावं, हा तिच्यामागचा हेतू. हा हेतू मला मनापासून पटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच वाटेने फिरायला गेलो. दोऱ्या नव्हत्या, खांब नव्हते. कुरणात मेंढ्या चरत होत्या. भाची सहज म्हणाली, "छान झाला ना जिमखाना?" मी थबकलेच. 'झाला' हे क्रियापद मी जिमखान्याला कधी लावलं नव्हतं. आमचा जिमखाना असतो. तिथला होतो आणि संपतो.

३. शब्दाची जन्मकथा पाहावी तर ती आपल्याच अंगणात निघावी, याचा आनंद वेगळाच. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा एक जाडजूड कोश केला, 'हॉब्सन-जॉब्सन'. तो १८८६ मध्ये निघाला. बर्नेल ते पाहायला राहिला नव्हता. त्या कोशात जिमखान्याची नोंद आहे. हा शब्द अगदी नवा, चाळीस वर्षांपूर्वी तो कुणाच्या कानावरही नव्हता, असं कोशकार सांगतात. त्यांना सापडलेला सगळ्यात जुना माग रुडकीचा, १८६१ चा. पण शब्द घडला असावा तो मुंबई इलाख्यात, असा त्यांचा कयास. आणि मूळ? गेंदखाना! रॅकेटचा खेळ ज्या भिंतीआड चालायचा, त्या जागेला हिंदुस्थानीत गेंदखाना म्हणत. साहेबाच्या कानात आधीच जिम्नॅस्टिक्स बसलेलं होतं. त्याच्या ओढीने 'गेंद'चं 'जिम' झालं. जमातखान्याशी या शब्दाचं नातं जोडायचा प्रयत्नही झाला, पण १९०३ मध्ये या कोशाची नवी आवृत्ती करणाऱ्या विल्यम क्रुकने तो मानला नाही. मलाही चेंडूच पटतो.

कोशाचं नावसुद्धा अशाच कानगोष्टीतून आलं आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांनी हॉब्सन-जॉब्सन असा ऐकला.

गेंद आपल्याला अनोळखी नाही. झेंडूच्या टपोऱ्या फुलाला आपण गेंदेदार म्हणतो. आणि 'जिम'च्या मागे गेलं तर ग्रीक भाषेत 'उघडा' हा अर्थ निघतो, कारण ग्रीक तरुण व्यायाम करताना अंगावर कपडे ठेवत नसत. आमच्या तालमीतला लंगोट लावलेला मल्ल त्यांना लगेच ओळखीचा वाटला असता. उघड्या अंगाचं ग्रीस, घर देणारा इराण, चेंडू देणारी हिंदुस्थानी आणि हे सगळं एकत्र ऐकणारा इंग्रज, अशी या तीन-चार अक्षरांची वंशावळ. मला वाटतं, हा शब्द कुणी पंडिताने बसून घडवलेला नाही. भिंतीवर चेंडू मारणारे साहेब आणि तो चेंडू धावत आणून देणारी पोरं, यांच्या रोजच्या हाकांतून तो घडला असणार. कोशात त्या पोरांची नावं नाहीत. पण शब्दाचा पहिला अर्धा भाग त्यांचा आहे, असं मी आमच्या मुलींना दरवर्षी सांगायचे.

४. जागेचं नाव तिथल्या कार्यक्रमाला लागतं, ही काही एकट्या इंग्रजांची रीत नाही. सांगली-कोल्हापूरकडे कुस्तीचं 'मैदान भरतं'. कुंडलचं मैदान म्हटलं की जाणकाराच्या डोळ्यांपुढे जमीन येत नाही. त्या दिवशीच्या जोड्या, हलगी, फेटे आणि निकाली कुस्त्या येतात. बैलगाडीच्या शर्यतीलाही मैदानच म्हणतात. जिमखान्याचं तेच झालं. तिथे भरणाऱ्या खेळांच्या मेळाव्यालाही जिमखाना म्हणू लागले, आणि १८८६ च्या त्या कोशाच्या वेळीच हा दुसरा अर्थ गोऱ्या साहेबाबरोबर माल्टा बेटापर्यंत पोचलेला होता. तिथून पुढे तो इंग्लंडच्या कुरणांत उतरला.

फरक इतकाच की कुंडलचं मैदान झालं तरी कुंडलला मैदान उरतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग आहे, तिथल्या मातीला आजही तेल, ताक, हळद लागते. आपल्याकडे दोन्ही अर्थ एका घरात नांदले. इंग्लंडात कार्यक्रम राहिला आणि जागा गळून गेली.

५. कुठल्याही स्पर्धेच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो : खेळायचं कुठे? मुंबईच्या जिमखान्यांचा इतिहास मी याच प्रश्नासाठी पुन्हा पुन्हा वाचत आले. पारशी मंडळींनी १८४८ मध्येच ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. फोर्टाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर, म्हणजे आजच्या आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हलच्या सलग पट्ट्यावर, पारशी आणि पाठोपाठ हिंदू पोरं खेळत. १८७५ मध्ये गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना झाला. त्यांच्यासाठी राखलेली हिरवळ वेगळी होती, तिथे बाकीच्यांनी पाऊल टाकायचं नाही. पण साहेबांना पोलोही खेळायचा असे, आणि तो मात्र ते सगळ्यांच्या मैदानावर खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उकरली जाई. ज्याने कधी खडबडीत पिचवर चेंडू खेळला आहे त्याला सांगायला नको. टापेच्या खड्ड्यात पडलेला चेंडू गुडघ्याखाली राहील की हनुवटीवर येईल, याचा काही नेम नसतो.

शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी १८८१ पासून अर्ज करायला सुरुवात केली. मागणी साधी होती : पोलो दुसरीकडे खेळा. सरकारने एकदा ऐकलं, मग फिरवलं, पुन्हा अर्ज गेले. पुढे १८९७ मध्ये त्यांनी या भांडणावर आणि पारशी क्रिकेटवर पुस्तकच लिहिलं. मैदानासाठी अर्ज लिहिणारा हा माणूस मला फलंदाजाइतकाच मोठा खेळाडू वाटतो. या रेट्यातूनच समुद्राकाठी, तेव्हाच्या केनेडी सी फेसवर, भरावाची जमीन देशी क्रिकेटला मिळत गेली. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा; त्यांच्याच ओळीत इस्लाम जिमखाना. आज चर्नी रोड ते मरीन लाइन्स लोकलच्या पश्चिमेकडच्या खिडकीत बसलात तर ही मैदानं एकामागून एक सरकताना दिसतात. माझ्या मुलींना विद्यापीठाच्या सामन्यांसाठी मुंबईला नेत असे तेव्हा मी त्यांना मुद्दाम त्या बाजूला बसवत असे.

आणि एक गोष्ट मला विसरता येत नाही. ज्या घोड्यांच्या टापांनी मुंबईच्या पोरांचं पिच उकरलं, शेवटी त्या घोड्यांपुरताच हा शब्द इंग्लंडात उरला. आपल्याकडे उरलं ते मैदान, जे मागून, भांडून मिळवलं.

६. जागा मिळाली म्हणजे दार उघडं झालं असं नसतं. समुद्राकाठचे जिमखाने धर्मावर वाटलेले होते, आणि सामनेही तसेच. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ पासून हिंदू आल्यावर तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी, १९३७ मध्ये 'इतर' धरून पंचरंगी. गर्दी अफाट जमायची. पण त्या गर्दीत उभं राहून मला बघावासा वाटतो तो एकच माणूस, पळवणकर बाळू.

चांभार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायची, जाळी लावायची, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, असं काम करत तो घडला. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला खेळायला घेतलं. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्याला संघात घेतलं, तो बरोबर जेवायला बसू लागला, आणि १९०६ मध्ये हिंदूंनी बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं तेव्हा विजयात त्याचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने सगळे सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. तरी कर्णधारपद त्याला दिलं गेलं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं आणि त्या वर्षी हिंदूंनी करंडक जिंकला. विठ्ठल यांनी मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं आहे. मला वाटतं, क्रीडाशिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला ते वाचायला द्यावं.

बाळूंची हकिकत वाचली त्या वर्षापासून आमच्या खो-खो संघात एक नियम आला : दुपारचे सगळे डबे उघडून मधे ठेवायचे आणि कुणाचा डबा कुणाचा ते विसरायचं. पहिल्या दिवशी दोघी-तिघी हात आखडून बसल्या. एकीच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि खर्डा होता, ती डबा पदराआड धरत होती. मी आधी तो उचलला. बाकीचं खर्ड्यानेच केलं.

बॉम्बे जिमखान्याचं सांगायचं तर १५ डिसेंबर १९३३ रोजी हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना तिथेच सुरू झाला. समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंडचा संघ, आपले कर्णधार सी. के. नायडू. लाला अमरनाथांनी पदार्पणातच ११८ धावा केल्या. हिंदुस्थानच्या संघाकडून झालेलं ते पहिलं कसोटी शतक. सामना आपण नऊ गड्यांनी हरलो. ज्या क्लबाचं सदस्यत्व हिंदी माणसाला खुलं नव्हतं, त्याच्या हिरवळीवर लोकांनी त्या शतकासाठी केलेला जल्लोष मला त्या सामन्याचा खरा निकाल वाटतो.

७. एखादा जिमखाना नीट चालवला तर तो कुठवर पोचतो, याचं उत्तर पुण्यात आहे. डेक्कन जिमखाना १९०६ चा. पुण्याचे जुने लोक अजून 'आम्ही जिमखान्यावर राहतो' म्हणतात. क्लबाचं नाव वस्तीला, बसथांब्याला, पोलीस ठाण्याला लागलं. सर दोराबजी टाटा तिथले अध्यक्ष होते. १९१९ च्या तिथल्या वार्षिक शर्यतींत अनवाणी धावणारी, शेतकरी घरांतली पोरं त्यांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहिल्या आणि त्यांच्या मनात ऑलिंपिक आलं. १९२० च्या अँटवर्पला सहा जण गेले. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पूर्ण करून एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे पदकाच्या उंबरठ्यापर्यंत गेले. मला यात शर्यतीइतकीच टाटांची नजर मोलाची वाटते. सोहळ्याला पाहुणा म्हणून आलेला माणूस हार घेऊन, भाषण करून निघून जातो; हा माणूस पोरांच्या पायांकडे बघत होता.

आणि आमच्या खो-खोला कागदावर नियम मिळाले तेही जिमखान्यांमुळे. मातीतल्या खेळाला ठरलेलं अंगण, ठरलेला वेळ, ठरलेला पंच देण्याच्या कामात पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंद विजय जिमखाना पुढे होते. साहेबाच्या रॅकेटच्या भिंतीवरून निघालेल्या शब्दाने शेवटी आमच्या अनवाणी खेळाचं घर बांधलं. मी खो-खोची बाई, मला याचं अप्रूप वाटणारच.

८. शब्द हिंडतो तसा नवी कामं धरतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये शंकूंमधून गाडी वळवत नेण्याच्या स्पर्धेला मोटरखाना म्हणतात; जपानात याच प्रकाराला जिमखानाच म्हणतात आणि तो तिथे फार लोकप्रिय आहे. केन ब्लॉक या अमेरिकन चालकाने २००८ पासून याच नावाने केलेल्या चित्रफिती आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांना पाठ असतात. खांबांऐवजी शंकू, तट्टाऐवजी मोटार, वाट तीच नागमोडी. पूर्व आफ्रिकेत मात्र हा शब्द आपल्या अर्थाने राहिला. नैरोबी जिमखान्याच्या मैदानावर २००३ च्या विश्वचषकात केनियाने श्रीलंकेला हरवलं होतं. तिथे स्थायिक झालेल्या हिंदी माणसांनी शब्दाबरोबर मैदानही नेलं.

९. स्पर्धा एका दिवसाची असते, तिच्या आधीची पहाट मैदानाची. सामन्याच्या दिवशी मी आणि मैदानावरचे मामा उजाडायच्या आत हजर असायचो, कारण एकदा वारा सुटला की फक्की उडते. दोन टोकांना खिळे ठोकायचे, सुतळी ताणायची, तिला एकदा चिमटीत धरून वर उचलून सोडायचं म्हणजे ती जमिनीला सरळ बसते. मग फक्कीची मूठ अर्धी उघडून, सुतळीच्या बाजूने, न थांबता मागे मागे चालायचं. थांबलं की तिथे गोळा पडतो. मामा रेघ झाल्यावर एका टोकाला जाऊन जमिनीला गाल लावून बघायचे. वाकडी दिसली तर झाडू घेऊन पुसायची आणि पुन्हा. कुणी त्यांना म्हणालं, "मामा, पहिल्या डावातच पुसून जाणार ही," तर ते म्हणत, "पहिला डाव तर सरळ रेघेवर हुईल का न्हाई?" करंडक कपाटात असतात, त्यांच्यावर नावं कोरलेली असतात. मामांचं नाव आमच्या जिमखान्याच्या फलकावर नव्हतं. मी विजेत्यांच्या यादीच्या वर ते रंगवून घेतलं, आणि माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात बरोबर काम आहे, असं मी मानते.

१०. सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट व्यवहाराची आहे. जूनमध्ये मुलांना प्रवेश घेताना जी पावती मिळते, तिच्यावर जिमखान्याच्या नावाने एक रक्कम असते. पालक ती न वाचता घडी घालून खिशात ठेवतात. ती रक्कम आपण कुठल्या एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी भरत नाही, जागेसाठी भरतो. आज कित्येक ठिकाणी त्या जागेवर दुचाकींचा तळ आहे, नवी इमारत आहे, लग्नाचा मांडव आहे, आणि जिमखाना म्हणजे कॅरम ठेवलेली एक खोली. मैदान गेलं की स्पर्धा भाड्याच्या मैदानावर एका दिवसात उरकते आणि दुसऱ्या दिवशी मुलींना धावायला जागा नसते.

तेव्हा यंदा मुलाचा, विशेषतः मुलीचा, प्रवेश झाला की पावती घेऊन थेट जिमखान्यात जा आणि मैदान दाखवा म्हणा. असेल तर एखाद्या संध्याकाळी सराव बघायला उभे राहा. मुलींना त्याने फार फरक पडतो. नसेल तर प्राचार्यांना लेखी विचारा की आमच्या मुलीने खेळायचं कुठे, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.